चारशे सतरा नंबरचा कॉम्प्युटर

रियाज सोलकरने कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकवून विचारलं, "ताई, इथं काय लिहिलंय?"

"चारशे सतरा," मी म्हणाले.

"आणि गाडीत काय आहे?"

"तेच असणार."

"बघा तरी."

सकाळचे सव्वासात वाजले होते. गॅरेजचं एकच शटर उघडलेलं होतं. बाहेर त्याची पिकअप उभी होती आणि हौद्यातून बर्फाचं पाणी रस्त्यावर ठिबकत होतं. आतली सुरमई पहाटे पाचला कोल्हापूरच्या बाजारात पोचायला हवी होती. ती अजून मलकापुरात, आमच्या दारात होती.

मी स्कॅनर घेऊन केबिनमध्ये चढले आणि वायर जोडली. स्क्रीनवर इंजिनाच्या कॉम्प्युटरचा लांबलचक नंबर आला. शेवटचे तीन आकडे चारशे बत्तीस होते. वायर काढून पुन्हा जोडली. पुन्हा चारशे बत्तीस.

येसूमामा खिडकीशी येऊन उभा होता. "मशीन चुकत असंल, बाळ."

"मशीन नंबर वाचतं, मामा. अंदाज करत नाही."

रियाज दोघांकडे आळीपाळीने बघत होता. तो भांडखोर माणूस नव्हता. आवाज न चढवता तो म्हणाला, "साखरप्यापासून आंब्यापर्यंत घाट चढायला अडीच तास लागले. दुसऱ्या गिअरात. मागचे हॉर्न मारून मारून दमले. ताई, रत्नागिरी बंदरावरून रोज तीस गाड्या तुमच्या दारावरून जातात. निम्म्या तुमच्याकडे थांबतात, आण्णांच्या नावावर. माझा नवा कॉम्प्युटर कुणाच्या गाडीत गेला, एवढं मला शोधून द्या. नाही दिलात, तर जे झालं ते मी बंदरावर सांगेन. पदरचं काही घालणार नाही."

तेवढंच पुरेसं होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

ही गोष्ट २०१२ सालच्या जानेवारीतली. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघात होऊन दीड वर्ष झालं होतं. उजवा हात गेला होता, बोलणं अडखळत होतं. मी कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. परत येऊन गॅरेज हातात घेतलं, कर्ज काढून स्कॅनर आणला. तरी ड्रायव्हर दारात उभे राहून आधी आत डोकवायचे आणि विचारायचे, "मिस्त्री कुठं आहेत?" मिस्त्री म्हणजे यशवंत लोहार. आण्णांबरोबर सत्तावीस वर्षं काम केलेला माणूस. त्याचे भाचे गावोगाव होते आणि त्यांच्यामुळे सगळा रस्ता त्याला येसूमामा म्हणायचा. मीही.

रियाजची गाडी पहिल्यांदा आली ती ओढून आणलेली. चालूच होत नव्हती. मामाने आमच्याकडे उभी असलेली त्याच कंपनीची दुसरी पिकअप उघडली, तिचा कॉम्प्युटर काढला, त्याला खिशातल्या रिळाचा लाल दोरा बांधला आणि तो रियाजच्या गाडीला लावला. चावी फिरवली. इंजिन लागलं.

"तुमचाच गेलाय," मामा रियाजला म्हणाला. मग दोरा बघून तो कॉम्प्युटर ज्या गाडीचा त्या गाडीत परत लावला, आणि गाठ सोडली.

याला गॅरेजात लावून बघणं म्हणतात. कुठल्याही गॅरेजात जा, हेच करतात. एखादा भाग मेलाय की जिवंत आहे हे कळायला दुसऱ्या गाडीचा लावून बघायचा. ते काम धरत नाहीत. त्याची नोंद होत नाही, त्या दुसऱ्या गाडीच्या मालकाला कुणी सांगतही नाही. मी नोंदवही सुरू केली तेव्हा प्रत्येक काढघाल लिहायची असं ठरवलं, पण लावून बघणं त्यात लिहावं हे मलासुद्धा सुचलं नाही. मामाच्या दोऱ्याला मात्र मी हसायचे. "नंबर असतात ना मामा त्याच्यावर." तो म्हणायचा, "नंबर वाचायला चष्मा लागतो. दोरा हाताला लागतो."

रियाजचा जुना कॉम्प्युटर उघडला तर आत हिरवट बुरशी आली होती. मासळीच्या बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं झिरपत गेलेलं. नवा आणायला हवा होता, आणि कुठलाही चालणार नव्हता. कारण रियाजने गाडीला चिप लावलेली होती. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा. पुण्याचा एक माणूस बनवायचा. इंजिनाकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या वायरीत तो जोडायचा. डबा कॉम्प्युटरला सांगतो की दाब कमी आहे, कॉम्प्युटर डिझेल वाढवतो, गाडीला जोर येतो. दोन टन मासळी आणि बर्फ घेऊन आंबा घाट चढायचा तर हा जोर लागतो, असं बंदरावरच्या सगळ्यांचं मत होतं.

पुण्याच्या माणसाने मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, आमचा डबा चारशे सतरावर चालतो. नंतरचं मॉडेल आलं ते चारशे बत्तीस. प्लग तोच, आकार तोच, साधी गाडी दोन्हीवर पळते. पण बत्तीस दाबाचा हिशोब दुसऱ्या बाजूनेही तपासून बघतो. डबा खोटं सांगतोय हे त्याला दोन मिनिटांत कळतं आणि तो गाडीचा जोरच काढून घेतो. तेव्हा नंबर बघून घ्या."

मी नंबर बघून घेतला. पुण्याहून सीलबंद चारशे सतरा मागवला. मंगळवारी तो मामाने बसवला, मी स्कॅन केला, कागद छापला आणि बिलाला जोडला. बुधवारी संध्याकाळी रियाज गाडी घेऊन गेला. डबा त्याच्याकडे घरी होता, तो त्याने रत्नागिरीला जोडून घेतला. पुढच्या सोमवारी सकाळी सव्वासातला तो माझ्यासमोर उभा होता.

तो गेल्यावर मी नोंदवही काढली. मंगळवार ते बुधवार, त्या गाडीवर दुसरी काढघाल नव्हती. गॅरेजात माणसं दोनच. मी स्वतःला विचारलं, मी कॉम्प्युटर बदलला का. नाही. मग एकच माणूस उरत होता.

मला हे आवडलं असं नाही. पण संशय घ्यायला मी सुरुवात केली ती केलीच. त्या दिवशी मामा काय करतोय यावर माझं लक्ष होतं. तो दुपारी फोनवर बोलायला शटरच्या बाहेर गेला. याआधीही जायचा, आत आवाज असतो म्हणून. त्या दिवशी मी मनात वेळ टिपली. चार वाजता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, ही पिकअप आपल्याकडे अजून कुणाकुणाची येते?"

"डेअरीची हाय की. आपला सर्जा चालवतो ती."

"सर्जा म्हणजे तुमचा भाचा."

"सख्ख्या बहिणीचा. का गं?"

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतरवायच्या वेळी मी स्कूटरवरून डेअरीत गेले. सर्जेराव कॅन उतरवत होता. पंचविशीचा, हसरा. मी म्हणाले, स्कॅनरमध्ये नवीन सॉफ्टवेअर टाकलंय, तुझ्या गाडीवर तपासून बघते. हे खोटं होतं. तो म्हणाला, "बघा की ताई. आता झकास पळतीय. गेल्या आठवड्यात चालूच होत न्हवती, तवा तुमच्याकडं आणली हुती. मी सुट्टीवर हुतो, दुसऱ्या ड्रायव्हरनं आणली. तवापास्नं एकदा पण दगा दिला न्हाई."

मी वायर जोडली. शेवटचे आकडे चारशे सतरा. बाकीचा नंबर रियाजच्या कागदाशी अक्षर न् अक्षर जुळत होता.

"काय म्हणतंय मशीन?" सर्जेरावने विचारलं.

"ठीक आहे. उद्या दुपारी दोनला गाडी गॅरेजात घेऊन ये."

रियाजलाही मी तीच वेळ दिली. कोल्हापुरातून रिकामा परतताना तो थांबणार होता. मामाला काही सांगितलं नाही. आता वाटतं, निदान आदल्या रात्री त्याच्या घरी जाऊन विचारता आलं असतं. तेव्हा मला वाटत होतं की वेळ दिला तर तो उत्तर तयार करेल.

बुधवारी दोन वाजता दोन्ही पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या. मी दोन्हीवर स्कॅनर लावून रियाजला आकडे दाखवले. मग मामाकडे वळले.

"मामा, रियाजभाईंचा कॉम्प्युटर सर्जाच्या गाडीत कसा आला?"

त्याने खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. "मला ठावं न्हाई."

"ही गाडी गेल्या आठवड्यात चालू होत नव्हती. इथून गेल्यापासून चालतेय."

"असंल."

"गॅरेजात आपण दोघंच. मी बदललेला नाही."

"मीबी न्हाई."

"मग तिसरं कोण?"

सर्जेराव मध्ये पडला. "ताई, मामाला मी काय बोललो न्हाई. आईच्यान. गाडी डेअरीची हाय, माझी न्हाई. मला काय करायचाय नवा कॉम्प्युटर?"

"तुला कुणी विचारलं नाही, सर्जा," मी म्हणाले.

मामा माझ्याकडे बघत होता. "बाळ, तुझ्या बापाबरोबर सत्तावीस वर्सं काढली मी हितं."

"ते मी विचारलेलं नाही."

हे वाक्य मी असंच म्हणाले, याच आवाजात. त्याने फडकं घडी करून टेबलावर ठेवलं, खिशातलं दोऱ्याचं रीळ काढून त्यावर ठेवलं आणि चपला घालून रस्त्याला लागला. त्याची हत्यारांची पेटी तिथंच राहिली.

दोन्ही कॉम्प्युटर मी स्वतः काढले आणि जागच्या जागी लावले. रियाज इंजिनाचा आवाज ऐकत उभा होता. दुसऱ्या पहाटे भरलेली गाडी घेऊन घाट चढल्यावर त्याने आंब्यातूनच फोन केला. "चाळीस मिनिटं, ताई. पूर्वीसारखी." मग म्हणाला, "तुम्ही घरच्या माणसाची भीड धरली नाही. हे मी विसरणार नाही."

आण्णांना मी त्या दिवशी जेवताना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. बराच वेळ शब्द जुळवत राहिले. शेवटी म्हणाले, "येसू... नाही."

"आण्णा, नंबर जुळलाय. भाच्याच्या गाडीत सापडलाय."

"त्यानं... लावला... हे कुठं... लिहिलंय? कागद... दाखव."

ते माझ्याच सवयीने बोलत होते. प्रत्येक गोष्टीला कागद असला पाहिजे, हे मीच त्या गॅरेजात आणलं होतं. मी म्हणाले, दाखवते.

स्कॅनर जोडलेल्या प्रत्येक गाडीची नोंद आपोआप ठेवतो. तारीख, वेळ, गाडी, कॉम्प्युटरचा नंबर. गॅरेजात जाऊन मी ती यादी उघडली. सोमवारची रियाजची नोंद होती. मंगळवारची डेअरीतली होती. त्या दोन छापल्या की पुरे, असं वाटलं. पण आण्णा आधीचीही मागतील म्हणून मी मागे गेले. आणि आदल्या आठवड्यातल्या बुधवारी, अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजून बावन्न मिनिटांनी एक नोंद होती. गाडी डेअरीची पिकअप. कॉम्प्युटर चारशे सतरा.

मामाला स्कॅनर चालवता येत नव्हता. त्याचा पासवर्ड फक्त मला माहीत होता. आणि अठरा तारखेला मामा मलकापुरात नव्हता. आण्णांना घेऊन तो कोल्हापूरला डॉक्टरकडे गेला होता, सकाळच्या पहिल्या एसटीने. परत आले तेव्हा सहा वाजले होते.

मी खुर्चीवर बसले, आणि मग आठवत गेलं. डेअरीचा दुसरा ड्रायव्हर गाडी ढकलत आणतो. चावी फिरवली तर काहीच नाही. रियाजची गाडी शेजारीच उभी, नवा कॉम्प्युटर आत. मी तो काढते, डेअरीच्या गाडीला लावून बघते, स्कॅनर जोडते. गाडी चालू होते. मग तिचाच कॉम्प्युटर पुन्हा लावते. तरी चालू होते. म्हणजे कॉम्प्युटर चांगला आहे, प्लगच्या पिना गंजल्यात. दोन्ही काढते, दोन्ही प्लग स्प्रे मारून साफ करते, दोन्ही कॉम्प्युटरवरची धूळ पुसून टेबलावर ठेवते. तेवढ्यात मामाचा फोन येतो. डॉक्टर विचारतायत, आण्णा रात्रीची कोणती गोळी घेतात. मी आत घरात जाते, पाकीट शोधते, नाव वाचून दाखवते. परत येते. टेबलावर दोन सारखे डबे आहेत. उजवीकडचा उजव्या गाडीत, डावीकडचा डाव्या.

वीस मिनिटांचं काम, अशी आठवड्यात दहा येतात; ती गाडी मीच पाहिली होती हे सर्जा बोलला तेव्हाही माझ्या लक्षात आलं नव्हतं. पैसे घेतले नाहीत. नोंदवहीत लिहिलं नाही. लावून बघणं काम नसतं. म्हणून मी स्वतःला विचारलं, बदलला का, तेव्हा मला खरोखरच नाही असंच उत्तर आलं होतं. सर्जेराव 'गेल्या आठवड्यात' असं म्हणाला, तेव्हा कुठल्या वारी हे कुणी विचारलं नाही. मामाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. माहीत असण्याचं कारण फक्त मला होतं.

तो कागद मी छापला आणि आण्णांपुढे ठेवला. त्यांनी डाव्या हाताने तो धरून वाचला. कागद मला परत दिला आणि दाराकडे बघितलं.

मामाचं गाव सहा किलोमीटरवर. मी गेले तेव्हा तो अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं आणि ती आत निघून गेली. मी सगळं सांगितलं, वेळेसकट. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही.

"चुकी मानसाकडनंच हुती," तो शेवटी म्हणाला. "ते न्हाई मला लागलं."

"उद्यापासून या, मामा."

"येतो की. पण ज्यांच्यापुढं इचारलंसा, त्यांच्यापुढंच सांगा. मग येतो."

मला तो नेहमी अगं-तुगं करायचा. इचारलंसा, असं मोठेपणाचं त्याने त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

हे सोपं नव्हतं. रियाजला सांगणं म्हणजे बंदराला सांगणं. दीड वर्ष मी प्रत्येक ड्रायव्हरला हेच पटवत होते की मुलगी असले तरी माझ्या हातून चूक होत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण सकाळी मी रियाजला आणि सर्जेरावला फोन केले.

शनिवारी दुपारी आम्ही पुन्हा तेच चौघे तिथंच उभे होतो. मी स्कॅनर हातात धरून, तारीख आणि वेळ वाचून सांगितलं. मामा त्या दिवशी कोल्हापुरात होता, आण्णांबरोबर. कॉम्प्युटर मीच काढले, मीच उलटे लावले. मामाचा काही संबंध नाही.

रियाजने ऐकून घेतलं. मग तो हसला, अगदी मायेने. "ताई, तुमचं मन मोठं आहे."

"मनाचा प्रश्न नाही, रियाजभाई. हे बघा, मशीनमध्ये आहे."

"मशीन तुमचंच ना, ताई." त्याने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "म्हातारा माणूस आहे, तुमच्या वडिलांच्या वेळचा. सांभाळून घेताय. बरोबर आहे तुमचं, मीही तेच केलं असतं. माझी गाडी चढतेय, माझी काही तक्रार नाही." आणि मामाकडे वळून तो म्हणाला, "चाचा, झालं गेलं. मी कुठं बोलणार नाही."

सर्जेराव चपलेने माती उकरत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तोही मामाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्यालाही नक्की माहीत नाही.

मामालाही ते दिसलं.

"झालं," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंसा, त्यांनी ऐकलं."

त्याने कोपऱ्यातली आपली पेटी उचलली. सर्जेराव पुढे झाला तर त्याच्या हातात दिली नाही. रीळ टेबलावर होतं, ते घेतलं नाही. पुढे तो बांबवड्याला एका ट्रॅक्टरच्या दुकानात बसायचा, असं ऐकलं. आण्णा गेले तेव्हा आला होता, दारातून नमस्कार करून गेला. सहा वर्षांपूर्वी तोही गेला.

रियाज कुठं बोलणार नाही म्हणाला होता. तो बोलला. वाईट काही बोलला नाही. त्या वर्षी पावसाळ्यानंतर बंदरावरच्या तीसपैकी जवळजवळ सगळ्या गाड्या माझ्याकडे थांबू लागल्या. मिस्त्री कुठं आहेत, हे विचारणं बंद झालं. मी दुसरा गाळा घेतला, नवा स्कॅनर घेतला. लावून बघायला काही काढलं की आता त्याला दोरा बांधते आणि वहीतही लिहिते.

नवा ड्रायव्हर आला की कधी ना कधी तो विषय निघतो. ह्या ताईंनी मामासारख्या माणसाला घरी पाठवलं, पण गिऱ्हाइकाचा भाग बदलू दिला नाही. मी दर वेळी हातातलं काम थांबवून सांगते की तो भाग मीच बदलला होता, चुकून, अठरा जानेवारीला, अकरा बावन्नला. ते ऐकतात. मान हलवतात.

गेल्या महिन्यात मिरकरवाडा बंदरावरचा एक तरुण ड्रायव्हर आला होता. त्यालाही मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो चहा पीत शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"रियाजचाचा म्हणालेच होते," तो म्हणाला, "विचारलंस तर ताई असंच सांगतील."